दारू उतरते कशी?

मेंदूच्या पेशींना 'जरा गप्प बस' सांगणारं एक रसायन आहे, गाबा. दारू त्याचा जोर वाढवते. आधी ढिला पडतो तो विचार करून ब्रेक लावणारा भाग. म्हणून एरवी मुका असलेला रूममेट अचानक भाषण ठोकतो. (गाण्याबद्दल न बोललेलंच बरं!) मग तोल जातो, जीभ जड होते, आणि डोस फारच वाढला तर श्वासही मंदावतो.

आता गणित. बहुतेक औषधांचं रक्तातलं प्रमाण ठराविक तासांनी निम्मं होतं. दारूचं तसं नाही. यकृतातलं एन्झाइम लवकरच फुल लोडवर जातं. मग टाकी कितीही भरलेली असो, नळाची धार तेवढीच: तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम, म्हणजे ३० मिलीचा जेमतेम एक पेग. सहा पेगांचा हिशोब तुम्हीच करा. लिंबूपाणी, कडक कॉफी, गार पाण्याची आंघोळ, कशानेही ही धार वाढत नाही.

शिवाय शेवटच्या घोटानंतरही पोटातली दारू रक्तात चढतच असते. म्हणून 'झोपू दे रे, सकाळपर्यंत उतरेल' हे धोक्याचं. बेशुद्धीत उलटी श्वासनलिकेत जाऊ शकते. वर कोडीनवालं खोकल्याचं सिरप किंवा झोपेची गोळी घेतली असेल, तर श्वास आणखी दबतो. अशा मित्राला कुशीवर वळवा, एकटं सोडू नका. हलवूनही उठेना, श्वास थांबून थांबून येतोय किंवा ओठ निळे पडलेत, तर लगेच १०८ लावा. रेक्टरसरांना काय सांगायचं ते नंतर बघू.