चिठ्ठीतला वरचा आकडा

जिंतूर तालुक्यातल्या बोरीसारख्या गावांत एके काळी लोहाराला पगार नसे, बलुते असे. वर्षभर फाळ, कुऱ्हाडी, विळे यांना धार लावायची आणि सुगीत खळ्यावरून धान्य न्यायचे. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गावगाडा’त या व्यवहाराचे बारकाईने वर्णन केले आहे. दुष्काळ पडला की शेतकऱ्याबरोबर लोहारही उपाशी राही. त्या व्यवहारात अन्याय होता, अपमान होता. पण मिळायचे ते खळ्यावर डोळ्यांसमोर मोजले जाई.

लोखंडी नांगर आणि ट्रॅक्टर आले, तशा गावच्या भट्ट्या थंडावल्या. इकडे १९६१ साली नीलकंठ कल्याणी यांनी पुण्यात भारत फोर्ज स्थापन केली. पुढे मोटारधंद्याबरोबर चाकण, वाळूजकडे तापल्या लोखंडाला आकार देणारे आणि पत्रा साच्यात दाबून सुटे भाग काढणारे कारखाने वाढले. मराठवाड्यातली मुले तिकडे गेली. काम लोखंडाचेच, फक्त बलुत्याच्या जागी पगाराची चिठ्ठी आली.

बँकेत असताना कर्जाच्या अर्जांसोबत अशा चिठ्ठ्या मी पुष्कळ वाचल्या. तळाचा आकडा भरल्या अंगाचा दिसे, वरचा मूळ पगार मात्र हडकुळा. मधली जागा घरभाडे, प्रवास, धुलाई अशा भत्त्यांनी भरलेली. ‘हातात तर तेवढेच येते ना साहेब?’ असे मुले म्हणत. हातात येते, हे खरे. पण भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी मोजली जाई ती मूळ पगार आणि महागाई भत्ता यांवर.

साधा हिशेब करू. एकूण पगार ४० हजार, त्यात मूळ पगार व महागाई भत्ता मिळून १४ हजार. वीस वर्षांच्या नोकरीनंतर ग्रॅच्युइटी होते सुमारे १ लाख ६१ हजार. तोच आकडा २० हजार धरला, तर २ लाख ३० हजार. घाम तेवढाच, म्हातारपणी ६९ हजारांचा फरक! २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेने नेमके इथे बोट ठेवले आहे. वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले, तर वरचा भाग वेतनातच धरायचा.

कंत्राटी कामगाराची गोष्ट याहून अवघड. यंत्र तेच, पाळी तीच. पण चिठ्ठी कंत्राटदाराची. कंत्राटी पद्धतीवर बंदी आली तरी तो कामगार आपोआप कायम होत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली दिला.

आणि प्रेसवर हात सापडला तर? १९२३च्या भरपाई कायद्याने अंगठा गेल्यास कमाईच्या क्षमतेचे नुकसान ३० टक्के, संपूर्ण तर्जनी गेल्यास १४ टक्के धरले. भरपाईचा हिशेब पुन्हा पगारावरच. हजेरीपटावर नाव नसेल, किंवा कागदावर पगार कमी दाखवला असेल, तर बोटही तेवढेच स्वस्त होते.

म्हणून घरातला मुलगा पहिली चिठ्ठी घेऊन आला की पेढे जरूर वाटा. पण ती चिठ्ठी त्याच्याबरोबर बसून वाचाही, आणि वरून खाली वाचा. बोरीचा निरक्षर लोहार खळ्यावर आपले माप स्वतः पाहून घेई. शिकलेल्या नातवाने तेवढे तरी करायला काय हरकत आहे?