भट्टीत आकसणारा कोळसा

लोणार तालुक्यातल्या सुलतानपूरच्या शिवारात उन्हाळा तापला की काळ्या जमिनीला हात शिरेल एवढ्या भेगा पडतात. ओल उडते, माती आकसते. कोकभट्टीत दगडी कोळशाची गतही काहीशी अशीच. फक्त तिथे निघून जातात ते वायू आणि डांबर.

लोहखनिजातून लोखंड काढणाऱ्या झोतभट्टीला कोक लागतो. रायगडमधल्या डोलवीला आणि गोव्यातल्या आमोण्याला तो तयार होतो. त्यासाठी कोळसा हवा लागू न देता तापवतात. साधारण ३५० ते ४०० अंश सेल्सिअसला तो मऊ पडतो, फुगतो. ५०० अंशांच्या आसपास पुन्हा घट्ट होतो. पुढे हजार अंशांपर्यंत उरलेले वायू, मुख्यतः हायड्रोजन, बाहेर पडत राहतात आणि कोक आकसत जातो.

हे आकसणे कारखान्याला हवेच असते. नेहमीच्या उभ्या कोकभट्टीचा कप्पा जेमतेम अर्धा मीटर रुंद, पण कित्येक मीटर उंच आणि लांब असतो. पंधरा-वीस तासांनी दोन्हीकडची दारे उघडून एका बाजूने यंत्र लालबुंद कोक ढकलते, दुसऱ्या बाजूने तो बाहेर पडतो. कोक भिंतीपासून थोडा सुटलेला असला तरच हे जमते. नाहीतर तो अडकतो आणि सिलिका विटांच्या भिंतींवर ताण येतो.

पण अति आकसणेही नको. भिंतीलगतचा थर जास्त तापलेला, आतला कमी. दोन्ही सारखे आकसत नाहीत, म्हणून भेगा पडतात. बाष्पशील, म्हणजे तापवल्यावर वायुरूपाने निघून जाणारे, घटक जास्त असलेल्या कोळशात आकसण्याचे प्रमाण वाढते आणि कोकचे बारीक तुकडे होतात. झोतभट्टीला मात्र वरचा भार पेलणारी आणि गरम वारा वर जाऊ देणारी दणकट ढेकळे हवी असतात. उलट, बाष्पशील घटक कमी असलेले काही कोळसे इतके फुगतात की भिंतीच रेटतात.

म्हणून वेगवेगळे कोळसे मिसळतात. मिश्रण आधी खालून तापणाऱ्या छोट्या भट्टीत, वर ठरावीक वजन ठेवून, तपासतात: थर किती वर चढला, किती खाली बसला?

विदर्भात कोळसा मुबलक असला, तरी चंद्रपूर-यवतमाळकडचा कोळसा तापवल्यावर असा वितळून एकजीव होत नाही. तो मुख्यतः वीजकेंद्रांत जळतो. कोकसाठी देशात झारखंडच्या झरियाचे नाव मोठे. पण तिथल्या कोळशात राख जास्त, त्यामुळे भारतीय पोलाद कारखाने ऑस्ट्रेलियाहून मोठ्या प्रमाणावर कोळसा मागवतात.