रक्ताचा नमुना आणि गुणसूत्रांची साक्ष

घरांतील कोणास रक्ताचा कर्करोग झाल्याचा संशय आला, म्हणजे डॉक्टर गुणसूत्रांची तपासणी सुचवितात, आणि तिच्यासाठीं कमरेच्या हाडांतील मज्जा काढावी लागेल असें सांगतात. घरच्या मंडळींच्या मनांत तेव्हां साहजिकच प्रश्न उभा राहतो : रोग रक्ताचाच ना? मग हाताच्या शिरेंतील रक्त घेऊन कां भागत नाहीं? हा प्रश्न अगदीं रास्त आहे. त्याचें उत्तर असें कीं, कधीं भागतें आणि कधीं भागत नाहीं. तें कां, हें आज पाहूं.

मनुष्याच्या पेशींत सामान्यतः ४६ गुणसूत्रें असतात. हा आकडा १९५६ सालीं त्यो आणि लेव्हान या संशोधकांनीं निश्चित केला. एरव्हीं हीं सूत्रें केंद्रकांत सुताच्या गुंत्याप्रमाणें पसरलेलीं असतात व निरनिराळीं ओळखूं येत नाहींत. पेशी विभाजनास सिद्ध झाली, कीं तीं गुंडाळलीं जाऊन आंखूड व जाड होतात, आणि तेवढ्याच अवधींत सूक्ष्मदर्शकाखालीं मोजतां येतात. म्हणून या परीक्षेस जिवंत आणि विभागणारी पेशी लागते. नमुना न गोठणाऱ्या स्थितींत, हेपरिन घातलेल्या नळींतून, त्वरेनें प्रयोगशाळेंत पोंचवावा लागतो. तेथें पेशी एकदोन दिवस शरीराच्या उष्णतेवर वाढवितात. नंतर कोल्चिसीनच्या जातीचें औषध घालून विभाजन मध्येंच थांबवितात. हें कोल्चिसीन आपल्याकडील कळलावीच्या कंदांतही असतें. पुढें सौम्य क्षारद्रवांत पेशी फुगवून त्या कांचेवर पसरतात, रंगवितात, आणि सामान्यतः २० पेशींतील गुणसूत्रें एकेक करून तपासतात.

आतां अडचण ध्यानांत येईल. रक्तांतील तांबड्या पेशींना केंद्रकच उरलेलें नसतें, आणि पक्व झालेल्या पांढऱ्या पेशी बहुधा आपण होऊन विभागत नाहींत. रक्तपेशींची खरी उत्पत्ति मज्जेंत होते, आणि रोगट बीजही तेथेंच असतें. मात्र रोगट अपक्व पेशी मज्जेंतून ओसंडून रक्तांत पुष्कळ उतरल्या असतील, साधारणतः शंभर पांढऱ्या पेशींत दहा किंवा अधिक, तर रक्ताचा नमुनाही उपयोगीं पडतो. त्याहून कमी असल्यास विभागणाऱ्या पेशी पुरेशा मिळत नाहींत, अथवा निरोगी पेशीच पाहिल्या जातात.

येथें आणखी एक फसगत संभवते. जन्मजात दोषांच्या तपासणीसाठीं रक्तांतील लसीकापेशींना राजम्याच्या बियांतील एका द्रव्यानें विभाजनास प्रवृत्त करतात. तेंच द्रव्य ल्युकेमियाच्या नमुन्यांत घातलें, तर निरोगी पेशी भराभर विभागतात आणि सर्व ठीक असल्याचा अहवाल येऊं शकतो. म्हणून कोणत्या रोगाचा संशय आहे, हें मागणीपत्रावर लिहिणें अत्यावश्यक असतें. जीर्ण लसीकापेशीय ल्युकेमियांत मात्र रोगट पेशी रक्तांतच विपुल असतात. तेथें त्यांना निराळें उत्तेजक देऊन रक्तावर काम भागवितां येतें.

या साऱ्या खटाटोपाचें फळ काय? १९६० सालीं फिलाडेल्फिया येथें नॉवेल आणि हंगरफर्ड यांना जीर्ण मज्जापेशीय ल्युकेमियाच्या रोग्यांच्या पेशींत एक विलक्षण लहान गुणसूत्र आढळलें. १९७३ सालीं जेनेट राउली यांनीं दाखविलें कीं, ९ व्या आणि २२ व्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झाल्यानें तें उत्पन्न होतें. त्या अदलाबदलींतून जन्मणाऱ्या दुष्ट प्रथिनावर नेमका आघात करणारें इमॅटिनिब हें औषध २००१ सालीं अमेरिकेंत मान्य झालें, आणि या रोगाचें भवितव्यच पालटलें. तसेंच, १५ व्या व १७ व्या गुणसूत्रांची अदलाबदल आढळली, तर 'अ' जीवनसत्त्वापासून बनविलेलें औषध आणि आपल्या परिचयाचा सोमल यांचा उपचार गुणकारी ठरतो. एका सूत्राच्या तुकड्यावर उपचाराची दिशा ठरते ती अशी.

विभागणाऱ्या पेशींवांचूनही कांहीं तपासण्या होतात. चकाकणाऱ्या खुणांनीं विशिष्ट तुकडा शोधणें ही एक; दोषाचा रासायनिक संदेश मोजणें ही दुसरी. दुसरीमुळें जीर्ण मज्जापेशीय ल्युकेमियाच्या रोग्यावर उपचार चालू असतांना आरंभीं दर तीन महिन्यांनीं केवळ रक्तावरून लक्ष ठेवतां येतें. परंतु या पद्धती जो प्रश्न विचारावा तेवढ्याचेंच उत्तर देतात. संपूर्ण गुणसूत्रसंचाचें चित्र दाखवीत नाहींत.

तेव्हां मज्जेच्या तपासणीस कांकूं करण्यापूर्वीं डॉक्टरांना एवढेंच विचारावें : "रोगट पेशी रक्तांत पुरेशा आहेत काय?" नसतील, तर हाडास सुई टोंचण्याचा तो अल्प क्लेश सोसणेंच हिताचें. शक्य तर औषध सुरू होण्यापूर्वींच नमुना द्यावा. आणि रक्तांत दोष आढळला नाहीं, याचा अर्थ दोष नाहींच असा कोणीं करूं नये. साक्षीदार गप्प राहिला म्हणून आरोपी निर्दोष ठरत नसतो.