खर्ज सांभाळण्याचा दिवस

सकाळी ७.३०

कार्यक्रमाच्या दिवशी बास गिटार हातात घेण्याआधी मी गाण्यांची यादी घेऊन बसतो. आजचा कार्यक्रम संध्याकाळी चिंचवडला आहे. जुनी हिंदी आणि मराठी चित्रपटगीतं, मधे दोन-तीन लावण्या, चार गायक. यादी रात्रीच व्हॉट्सअ‍ॅपवर आली आहे आणि प्रत्येक गाण्यापुढे पट्टी लिहिलेली आहे: काळी एक, पांढरी चार, काळी चार. आपल्याकडे गायक आणि तबलजी पेटीच्या पट्ट्यांतच बोलतात, त्यामुळे बासवाल्यालाही त्याच भाषेत विचार करावा लागतो. चार तारांचा बास त्या भाषेत सांगायचा तर खालून वर पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन, पांढरी पाच.

मेख इथेच आहे. सगळ्यात खालची तार पांढरी तीनची, साधारण ४१ हर्ट्झची. पुरुष गायकांच्या आवडत्या पट्ट्या काळी एक, पांढरी दोन, काळी दोन. त्यांचा खर्जातला सा या तारेच्याही खाली पडतो, म्हणजे चार तारांवर तो मिळतच नाही. मी पाच तारांचा बास घेतला तो यासाठी. त्याची पाचवी तार पांढरी सातला, साधारण ३१ हर्ट्झला लागते आणि काळी एकचा सा तिच्या दुसऱ्याच पडद्यावर मिळतो. मात्र तो आहे म्हणून सतत वाजवायचा नसतो. इतका खालचा स्वर सगळ्या स्पीकरांना पेलत नाही, तो नुसता गडगडतो. मुखड्यात मी वरचाच सा ठेवतो. मधला वाद्यांचा पीस संपून गायक अंतऱ्याच्या समेवर येतो तेव्हा एकदा खाली जातो.

यादी वाचताना दुसरं काम असतं पट्टीबदलाचं. मूळ गाणं ज्या पट्टीत आहे त्यात आपली गायिका गाईलच असं नाही, आणि ऐनवेळी अर्धा स्वर खाली घ्या असंही सांगितलं जातं. म्हणून कुठलीही ओळ मी खुल्या तारांवर बसवत नाही. बोटांची ठेवण तीच ठेवून हात पडद्यावर सरकवला की पट्टी बदलते.

९.३०

वाद्य तपासणं. तारा आज बदलायच्या नाहीत, त्या दोन-तीन दिवस आधीच बदललेल्या असतात. नवीन तार ताणली जात राहते आणि उतरते, शिवाय तिचा आवाज फार झणझणीत असतो. पावसाळ्यात मानेचा बाक बदलतो आणि तारा पडद्यांवर खडखडतात, पण आतल्या सळईला कार्यक्रमाच्या सकाळी हात लावू नये. ते काम आदल्या आठवड्याचं.

माझ्या बासमध्ये नऊ व्होल्टची बॅटरी आहे. जॅक आत घातला की ती सुरू होते, त्यामुळे वायर लावून ठेवली तर वाजवलं नाही तरी बॅटरी उतरत राहते. ती संपायला आली की आवाज आधी फाटल्यासारखा होतो, मग जातो. नवीन बॅटरी आज घालायची, एक खिशात ठेवायची.

११.००

मूळ ध्वनिमुद्रणं कानाला हेडफोन लावून ऐकतो. राहुलदेव बर्मन यांच्या ताफ्यात टोनी वाझ बास गिटार वाजवत. त्या काळच्या गाण्यांत काही ठिकाणी बासची ओळ म्हणजे गाण्याचा चेहराच असतो, ती काढली तर लोकांना गाणं ओळखू येणार नाही. अशा ओळी मी सुरासुराने घेतो. बाकीच्या जागी मात्र मोकळीक हवी. मूळ ध्वनिमुद्रणात व्हायोलिनांचा मोठा ताफा होता, आमच्याकडे दोन कीबोर्ड, एक गिटार आणि रिदमवाले. सगळं भरून काढायचं ठरवलं तर खाली नुसता चिखल होतो.

दुपारी १.००

पिशवी भरतो. सहा मीटरच्या दोन वायरी, एक नेहमीची आणि एक राखीव. पायाजवळचा ट्यूनर. स्वतःची डीआय बॉक्स. तारांचा जादा संच, पक्कड, छोटा पाना, काळा टेप, कपडे वाळत घालायचे दोन चिमटे, कारण एसीचा झोत नेमका नोटेशनच्या कागदांवर येतो. कानात घालायचे बोळे. विजेचा टेस्टर. शेवटची वस्तू पुष्कळ वादक नेत नाहीत आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. कारण पुढे येईलच.

पट्टा रुंदच घ्यावा. चार किलोंहून जड वाद्य तीन तास खांद्यावर असतं. अरुंद पट्ट्याने मान आखडते आणि रात्री डाव्या हाताची बोटं जड होतात.

३.००

रिक्षा, पूल, वाहतूक. नाट्यगृहात दुपारच्या नाटकाचा प्रयोग संपून सेट निघेपर्यंत विंगेत थांबायचं आणि वाटेत सामान ठेवायचं नाही.

४.००

दिवसातला सगळ्यात महत्त्वाचा तास हा. नाटकाचा रंगमंच लाकडी आणि खालून पोकळ असतो. बासचा अँप थेट फळ्यांवर ठेवला की रंगमंचच घुमायला लागतो. वादकाला वाटतं आवाज मोठा आहे, आणि प्रेक्षागृहात मात्र सूर कळत नाही. मी अँप जाड फोमवर ठेवतो आणि मागे कलता करतो, म्हणजे आवाज पोटऱ्यांवर न येता कानाकडे येतो. प्रेक्षकांसाठीचा आवाज डीआय बॉक्समधून सरळ मिक्सरकडे जातो. बासचा नाजूक सिग्नल लांब वायरीत विरतो आणि गुणगुण पकडतो. डीआय त्याला माइकच्या वायरीतून लांब नेण्याजोगा करते.

आता गुणगुणीबद्दल. आपली वीज पन्नास हर्ट्झची, आणि बासच्या खालच्या तारेवर तिसऱ्या पडद्यावरची पांढरी पाच ४९ हर्ट्झची. म्हणजे अर्थिंगची गुणगुण नेमकी आपल्याच सप्तकात, पण किंचित बेसूर बसते. पांढरी पाच वाजवताना सूर थरथरतो तो यामुळे. डीआयवर ग्राउंड लिफ्टचं बटण असतं, ते दाबून बघावं. ते फक्त सिग्नलची जोडणी तोडतं, विजेचं अर्थिंग तसंच राहतं. पण प्लगची तिसरी, अर्थिंगची पिन काढून गुणगुण घालवायचा जो प्रकार ठिकठिकाणी चालतो, तो कोणीही, कोणाच्याही सांगण्यावरून करू नये. अँप एका फेजवर आणि माइकची यंत्रणा दुसऱ्या फेजवर असेल, अर्थिंग नसेल, तर बास गळ्यात घालून कोरसच्या माइकला ओठ लावणारा वादक त्या दोन्हींमधली वायर बनतो. गणेशोत्सवात उघड्या मांडवात, जनरेटरवर, ओल्या फळ्यांवर हा धोका आणखी वाढतो. म्हणून आधी टेस्टर तारांना लावायचा, मग माइकच्या जाळीला. दिवा लागला तर इलेक्ट्रिशियन येईपर्यंत वाद्य गळ्यात घालायचं नाही. आयोजक घाई करतात, करू देत.

५.१५

साऊंड चेक. रंगमंचावरचे दिवे लावूनच तो करायचा, हा आग्रह मी सोडत नाही. दिव्यांचे डिमर अर्ध्यावर असले की त्यांची झिणझिण पिकअपमध्ये शिरते आणि अंधारात केलेल्या चेकमध्ये ती कळत नाही. दोन पिकअपच्या जॅझ बासवर दोन्ही व्हॉल्यूम सारखे उघडले की ती बरीच कमी होते. फेंडरच्या प्रिसिजन बासचा पिकअप १९५७ पासून दोन तुकड्यांचा आहे आणि हे काम तो स्वतःच करतो. खराब वायरिंगच्या ठिकाणी जायचं असेल तर मी तोच नेतो, भले एखादा सा वरच्या सप्तकात घ्यावा लागो.

मग आमच्यातलं खरं बोलणं होतं ते ढोलकीवाल्याशी. त्यांच्या बायाचा धुम आणि माझा खर्ज एकाच जागेत राहतात. बहुतेक ठिकाणी साऊंडवाला दोघांनाही वाढवत जातो आणि शेवटी दोघंही ऐकू येत नाहीत. आम्ही दोघं आधी एकत्र चार आवर्तनं वाजवतो आणि कुठे कोण थांबणार ते ठरवतो.

६.३०

चहा, थोडं खाणं, कपडे. हात धुवून पुसायचे, तेलकट बोटांनी तारा लवकर मरतात. बास रंगमंचावरच स्टँडवर ठेवून देतो, म्हणजे एसीच्या हवेत तो स्थिरावतो.

७.००

वायर पट्ट्यामागून घेऊन मग जॅकमध्ये. कोणाचा पाय पडला तर ताण पट्ट्यावर येतो, जॅक सुटत नाही. ड्रमरच्या हायहॅटच्या बाजूला उभा राहतो, कारण लय तिथून दिसतेही. निवेदक बोलायला लागले की ट्यूनरवर पाय. आवाज बंद होतो आणि तारा तपासता येतात. दिव्यांच्या उष्णतेने तारा तापून उतरतात, म्हणून पहिल्या दोन गाण्यांनंतर हे करावंच लागतं.

भावगीताच्या अंगाने जाणाऱ्या गाण्यात केरवा असतो: धा गे ना ती न क धी न. पहिल्या दोन मात्रांवर डग्ग्याची आस असते, चौथीपासून सहावीपर्यंत ती थांबते. मी समेवर सा देतो आणि पाचव्या मात्रेवर पंचम. तिथे डग्गा नसल्यामुळे पंचम हळू वाजवला तरी शेवटच्या रांगेपर्यंत जातो. सातव्या मात्रेवरच्या धीला मी बहुधा हात उचललेला असतो, कारण तबलजी तिथे घिस्सा घेतो आणि ती मींड झाकणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

लावणीला सगळंच बदलतं. तळहाताची कड तारांवर टेकवून आखूड, दबलेले स्वर, आणि ढोलकीवाला तुकडा घेतो तेव्हा पूर्ण शांतता. तरुण वादकांना त्या जागी काहीतरी भरायचा मोह होतो. प्रेक्षक शिट्ट्या वाजवतात त्या ढोलकीसाठी. तुकडा संपून समेवर तिच्यासोबत एकच ठाम सा पडला की सगळं प्रेक्षागृह हलतं. ते श्रेय दोघांचं असतं, ते कोणाला कळो न कळो.

१०.१५

जॅक आधी काढायचा, बॅटरीसाठी. तारा कोरड्या फडक्याने पुसायच्या. वायर कोपराभोवती करकचून गुंडाळायची नाही, तिच्या स्वतःच्या वळणाने मोठे वेढे घ्यायचे. मानधनाचं पाकीट.

निघण्याआधी साऊंडवाल्याकडे जातो. आत काय ऐकू आलं हे फक्त त्यालाच माहीत असतं. आज तो म्हणाला, "दादा, लावण्यांना तुमचा दोनशे हर्ट्झच्या आसपासचा भाग मी थोडा काढला, मग ढोलकीचा धुम मोकळा झाला." मी ते फोनमध्ये ढोलकीवाल्यांच्या नावापुढे लिहून घेतलं आणि त्यांनाही लगेच पाठवलं. पुढच्या रविवारी आम्ही दोघं पुन्हा एकत्र आहोत, आणि तिथे साऊंडवाला दुसरा असणार आहे.