दुचाकी वाहनांवरील जादा खर्चाविषयी

अहवाल वर्षात रुग्णालयाच्या ग्रामीण आरोग्य सेवेसाठी चार मोटारसायकली खरेदी करण्यात आल्या. ‘वाहने’ या शीर्षाखालील रक्कम मंजूर अंदाजापेक्षा जास्त दिसेल. पैसा देणगीदारांचा असल्याने या वाढीचा खुलासा करणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. शिवाय अपघात विभागाबाहेर बसलेले नातेवाईकही आम्हांला अनेकदा विचारतात, की मुलाला गाडी घेऊन देताना शोरूममध्ये सांगतात त्या जादा गोष्टी घ्याव्यात की नाही.

प्रथम कबूल करावयास हवे, की वाणिज्य शाखेच्या सवयीप्रमाणे आम्ही सर्वांत कमी दराचे कोटेशन मंजुरीसाठी ठेवले होते. त्याच आठवड्यात आमचे एक आरोग्यसेवक लसीकरणाहून परतताना ओल्या उतारावर पडले. समोर म्हैस आली, त्यांनी मागचा ब्रेक पूर्ण दाबला, चाक जाम झाले आणि गाडी आडवी झाली. मांडीचे हाड मोडले. ते आमच्याच रुग्णालयात दाखल असताना विश्वस्त मंडळाने फाईल परत पाठविली. शेऱ्यात एकच प्रश्न होता : “यांपैकी कोणत्या वस्तूने हा अपघात टळला असता?” पुढील सर्व निर्णय आम्ही याच प्रश्नाच्या आधारे घेतले.

ब्रेकचा विचार सर्वांत अधिक झाला. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीहून मोठ्या सर्व नव्या दुचाकींना एबीएस बंधनकारक आहे. त्या वेळच्या नियमाने १२५ सीसीपर्यंतच्या गाड्यांना एबीएस अथवा सीबीएस यांपैकी एक पुरेसे ठरविले. सीबीएसमध्ये मागचा ब्रेक दाबला असता पुढचाही काही अंशी लागतो. एबीएस मात्र चाक जाम होऊ लागताच ब्रेकचा दाब क्षणभर सोडून पुन्हा लावते. चाक फिरत राहिल्याने गाडीचा तोल व दिशा ताब्यात राहते.

येथे एक गोष्ट शोरूममध्ये सहसा सांगितली जात नाही. लहान गाड्यांवरील एबीएस बहुधा केवळ पुढच्या चाकाचे असते. म्हणजे आमच्या सहकाऱ्यांनी त्या दिवशी जे केले तेच केले असते, तर एबीएस असूनही मागचे चाक जाम झालेच असते. ब्रेक लावताना भार पुढे सरकतो, त्यामुळे गाडी थांबविण्याचे बहुतांश काम पुढचा ब्रेक करतो. परंतु पडण्याच्या भीतीने अनेक चालक त्याला हातच लावीत नाहीत. एबीएसने ही भीती अनाठायी ठरते, पण सवय करावी लागते. म्हणून आम्ही पुढे डिस्क ब्रेक व एबीएस असलेल्या गाड्या घेतल्या आणि रुग्णालयामागील मैदानावर सर्व चालकांकडून पुढच्या ब्रेकचा सराव करून घेतला. सरावाला खर्च आला नाही.

हेल्मेटबाबत चर्चेला जागाच नव्हती. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या वर्षी हेल्मेट न घातलेल्या ५०,०२९ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या, त्यांपैकी १४,३३७ मागे बसलेल्या होत्या. म्हणून प्रत्येक गाडीस आयएसआय चिन्हाची, हनुवटी झाकणारी दोन हेल्मेटे घेतली. अपघात विभागात रुग्णासोबत येणारे हेल्मेट अनेकदा ओरखडाही नसलेले असते, कारण ते टाकीवर वा कोपरात अडकविलेले होते.

साडी गार्ड व मागच्या आसनाची हातपकड ही कोटेशनमध्ये जादा म्हणून दाखविली होती. वस्तुतः केंद्रीय मोटार वाहन नियम १२३ अन्वये हातपकड, पावदान आणि मागील चाकाचा किमान निम्मा भाग झाकणारे साधन दुचाकीस असणे आवश्यकच आहे. आम्ही ते लेखी निदर्शनास आणून दिल्यावर ती रक्कम वगळण्यात आली. पदर किंवा ओढणी चाकात गुंतून झालेल्या जखमा ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हा नियम समजावून सांगावा लागत नाही. लेगगार्ड घेतले. गाडी कमी वेगात कलंडली तर पाय खाली चिरडण्याचा संभव त्याने कमी होतो, मात्र वेगातील धडकेत त्याचा भरवसा धरू नये.

चोरीपासून संरक्षणाच्या वस्तूंचा हिशेब वेगळा आहे, कारण तेथे नुकसान पैशाचे असते. आमच्या गाड्या रात्री आवारात पहारेकऱ्याच्या नजरेखाली असतात. त्यामुळे अलार्म व जीपीएस दोन्ही नाकारले. जीपीएसला वार्षिक शुल्क पडते आणि गाडी बरेच दिवस उभी राहिल्यास ही उपकरणे बॅटरी उतरवितात. ज्यांना गाडी रस्त्यावर लावावी लागते, त्यांनी या खर्चाचा विचार जरूर करावा. मात्र आधी विमा पाहावा. केवळ तृतीय पक्षाचा विमा असेल तर चोरीची भरपाई मिळत नाही. सर्वसमावेशक विम्यातही गाडीचे मूल्य दरवर्षी घटते, पाचव्या वर्षी ते साधारणतः निम्मे धरतात. दाव्याच्या वेळी दोन्ही किल्ल्या मागतात, म्हणून दुसरी किल्ली आम्ही लेखा विभागाच्या तिजोरीत ठेवली आहे.

बाजाराच्या दिवशी गावोगावी गाडी उभी करावी लागत असल्याने प्रत्येकी एक डिस्क लॉक मात्र घेतले. कुलूप काढावयाचे विसरून गाडी चालू केल्यास चालक जागीच पडतो, यास्तव कुलपापासून हँडलपर्यंत लाल दोरी बांधण्याची सूचना दिली आहे. उपरोक्त आरोग्यसेवक कामावर रुजू झाले असून पहिली गाडी त्यांच्याकडे आहे.