विमानाचा वेळ आणि आपला हिशेब

दीक्षाभूमी नागपुरात आणि चैत्यभूमी मुंबईत. या दोन शहरांमधील वाट आपल्या समाजाच्या पायाखालची आहे. रेल्वेने हे अंतर ८३७ किलोमीटर भरते. ५ जून २०२५ रोजी पूर्ण खुला झालेला समृद्धी महामार्ग नागपूर ते भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत ७०१ किलोमीटर आहे. हवाई अंतर मात्र सुमारे ६८५ किलोमीटरच. विमानाला ना घाट आडवा येतो, ना नदीचे वळण.

विमान वर गेल्यावर ताशी ८०० किलोमीटरच्या आसपास धावते. त्या हिशेबाने ५०-५५ मिनिटे पुरायला हवीत. मग वेळापत्रकात जवळजवळ दीड तास का दाखवतात? कारण विमान जागेवरून हलले की वेळ सुरू होतो आणि उतरून थांबले की संपतो. धावपट्टीपर्यंत जाणे, वर चढणे, खाली येताना वेग कमी करणे, मुंबईच्या गर्दीत उतरण्याची पाळी येईपर्यंत घिरट्या घालणे, हे सारे त्यात आले. हिशेबाच्या भाषेत हा ‘स्थिर खर्च’. अंतर कमी झाले म्हणून तो कमी होत नाही. म्हणूनच छत्रपती संभाजीनगर ते मुंबई हवाई अंतर अवघे २८० किलोमीटर, तरी प्रवासाला तासभर लागतोच. हिवाळ्यात उंचावरून पश्चिमेचे जोरदार वारे वाहतात. त्यामुळे नागपूरकडे जाताना वेळ थोडा वाचतो, परतताना थोडा वाढतो.

६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे दिल्लीत महापरिनिर्वाण झाले. त्यांचे पार्थिव रात्री विमानाने नागपूरमार्गे मुंबईला आणले. दिल्ली-मुंबई सरळ हवाई अंतर सुमारे ११४० किलोमीटर, नागपूरमार्गे ते १५३५ च्या घरात जाते. त्या काळची डाकोटा विमाने ताशी पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास चालत. त्या वेगाने नुसत्या नागपूर-मुंबई टप्प्यालाच अडीच तास लागत. २००५ पासून नागपूरच्या विमानतळाला बाबासाहेबांचेच नाव आहे.

आता चिखलीच्या घरातून हिशेब मांडू. मुलगी मुलाखतीला मुंबईला निघाली आहे. संभाजीनगरच्या विमानतळापर्यंत गाडीने तीन तास धरा. दोन तास आधी पोहोचायचे. विमानात एक तास. उतरून सामान घेऊन शहरात जायला दीड तास. बेरीज साडेसात तास. रात्रीच्या बसने दहा-अकरा तास लागतील. म्हणजे तिकिटावर एक तास दिसला, तरी प्रत्यक्षात वाचले अडीच-साडेतीन तास. तेवढ्यासाठी जादा पैसे मोजायचे का, हे घराने ठरवावे. घरातले कुणी मुंबईच्या इस्पितळात अत्यवस्थ असेल, तर तेच तीन तास लाखमोलाचे ठरतात.

एक गोष्ट मात्र प्रत्येकाने ध्यानात ठेवावी. देशांतर्गत विमानाचा सामान घेण्याचा काउंटर साधारणपणे तासभर आधी बंद होतो. बससारखे धावत जाऊन विमान पकडता येत नाही. आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसणाऱ्या आपल्या मुलामुलींच्या खिशात तिकीट आणि मूळ ओळखपत्र आहे ना, हे निघण्यापूर्वी पाहावे. निघण्याची वेळ ठरवताना विमानतळाच्या दारापासून मागे मोजत यावे.