वेदनेला जखमेपाशीच अटकाव

प्रतिनिधी
मुंबई - पोटावरील सैल त्वचा काढणे, स्तनाची पुनर्रचना करणे अशा प्लास्टिक सर्जरीनंतर पहिले दोन-तीन दिवस वेदनेचे असतात. खोकताना, कूस बदलताना जखम ओढली जाते. मॉर्फिनसारख्या औषधांनी वेदना शमते. पण गुंगी, मळमळ आणि बद्धकोष्ठता मागे लागते. रुग्ण अंथरुणातच पडून राहिला, तर पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोकाही वाढतो. यावरचा एक पर्याय म्हणजे जागा बधिर करणारे औषध थेट जखमेत सतत सोडत राहणे.

त्यासाठी टाके घालण्यापूर्वी सर्जन जखमेत बारीक छिद्रांची नळी ठेवतात. तिचे दुसरे टोक फुग्यासारख्या पंपाला जोडलेले असते. फुगा आकसत जातो, तसे बुपिव्हाकेन किंवा रोपिव्हाकेन ताशी काही मिलिलिटर या संथ गतीने जखमेत उतरते. त्याला वीज लागत नाही. हे औषध मज्जातंतूंमधील सोडियमचे मार्ग अडवते; त्यामुळे वेदनेचा संदेश मेंदूपर्यंत पोचत नाही आणि रुग्ण जागाच राहतो. एका इंजेक्शनचा परिणाम काही तासांत ओसरतो, पंपाचा दोन-तीन दिवस टिकतो.

पुण्यात १७९३ मध्ये कावसजी या गाडीवानाचे कापलेले नाक कपाळाच्या त्वचेने पुन्हा घडवण्यात आले, तेव्हा भूल नव्हतीच. इथरची भूल १८४६ मध्ये आली, तर कोकेनने डोळा बधिर करण्याचा प्रयोग १८८४ मध्ये झाला. आजचा पंप हा त्याच वाटेवरचा पुढचा टप्पा.

मात्र, हा रामबाण उपाय नव्हे. प्रत्येक शस्त्रक्रियेत त्याचा सारखाच फायदा होत नाही आणि सोबत पॅरासिटामॉलसारखी औषधे घ्यावीच लागतात. सांध्याच्या पोकळीत असे औषध सतत सोडल्यास कूर्चा झिजू शकते, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००९ मध्ये दिला होता.

अंधेरी असो वा मुलुंड, शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा : माझ्या वजनानुसार औषधाची मात्रा किती, नळी कोण व कधी काढणार, आणि रात्री-अपरात्री फोन कोणाला करायचा? यकृताचा वा हृदयाचा आजार असल्यास तो आधीच सांगा. पंपासह घरी सोडले, तर बधिर भागावर बर्फ किंवा गरम पिशवी ठेवू नका. त्वचा भाजली तरी कळणार नाही. ओठांभोवती मुंग्या, तोंडात धातूसारखी चव, कानात आवाज किंवा बोलताना अडखळणे ही औषध रक्तात जास्त गेल्याची लक्षणे असू शकतात. अशा वेळी नळीची चिमटी बंद करून तातडीने रुग्णालय गाठा. ही चिमटी कशी लावायची, हे घरी निघण्यापूर्वीच परिचारिकेकडून शिकून घ्या.